ढब्बूची तयारी

आमच्या ढब्बूनं जन्मात एकच परीक्षा पास केली, आणि नेमकी तीच नापास व्हायची होती. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी माझ्या भाचीला ते जमलं असतं की नाही, शंकाच आहे. मुलाला नापास कसं करायचं, हे तिला येतच नव्हतं.

भाची म्हणजे ढब्बूची थोरली बहीण. गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत शिकवण्या घेते. खोली एवढीशी, मुलं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसतात, आणि एकाचीही जांभई द्यायची छाती होत नाही. शाळेनं हात टेकलेली मुलं आईबाप तिच्याकडे आणून टाकतात आणि ती मुलं पास होतात. तिचं तंत्र साधं आहे. "समजलं नाही तरी चालेल, पाठ झालं पाहिजे. समजायला पुढे आख्खं आयुष्य पडलंय." मी शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालवत असायचे, तेव्हा मलासुद्धा नद्यांची लांबी पाठ झाली होती. माझ्या काय उपयोगाची? मी लोकांच्या पँटींची लांबी कमी करते.

फक्त सख्ख्या भावापुढे तिचं काही चाललं नाही. ढब्बू मागच्या कपाटाला टेकून बसायचा, गोड हसायचा, आणि विचारलेलं त्याच्या डोक्यावरून जायचं. तो असा जन्मापासून नव्हता. लहान होता तेव्हा माझ्या मेहुण्यानं, म्हणजे त्याच्या बापानं, एकदा त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. दूध सांडलं होतं, एवढाच गुन्हा. तेव्हापासून पोराचं सगळं सावकाश झालं. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचा. मेहुणा पुढे दारू पिऊन मेला (मी रडले नाही, खोटं कशाला बोलू), पण ढब्बू म्हणायचा, बाबा भिंतीतून बोलतात. आवाज फार वाढला की तो स्वतःच डोकं भिंतीवर आपटायचा. माझ्या बहिणीनं त्या जागी उशी बांधली. तेवढाच त्याच्यावर झालेला उपचार.

डॉक्टरकडे का नेलं नाही? कारण डॉक्टरकडे नेलं की कागद होतो, कागद झाला की घरावर वेडाचा शिक्का बसतो, आणि मग मास्तरणीशी लग्न कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझी बहीण म्हणायची. मास्तरणीचं लग्न तसंही झालं नाही, आणि मूठ उघडली तेव्हा आत काय होतं ते सगळ्या गावानं पाहिलं.

शाळा सुटल्यावर त्याला एका सुताराच्या कारखान्यात चिकटवलं. काम भुसा झाडायचं. तिथल्या कामगारांनी एक गंमत शोधून काढली होती. नवं कपाट तयार झालं की ढब्बूला आत कोंडायचं, कडी लावायची, आणि चारी बाजूंनी हातोड्या ठोकायच्या. तो आतून ओरडायचा, हे बाहेर पोट धरून हसायचे. मग दार उघडून त्याला चहा पाजायचे, म्हणजे हिशेब मिटला. मालकाला माहीत होतं. तो म्हणायचा, पोरं आहेत, चालायचंच. त्यातला सर्वांत लहान पोरगा चाळिशीचा होता.

एकटा पॉलिशवाला हसायचा नाही. म्हातारा माणूस, माळ्यावर बसून फर्निचरला पॉलिश करायचा आणि आपल्या डब्यातला अर्धा पाव ढब्बूला द्यायचा. ढब्बू घरी आला की त्याचंच नाव घ्यायचा, काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. बहुतेक ते काहीच म्हणालेले नसायचे.

एका दुपारी त्यांनी ढब्बूला कोंडलं आणि विसरून जेवायला निघून गेले. तो आत किती वेळ होता कोण जाणे. कपाटाची मागची फळी लाथांनी फोडून तो बाहेर आला. लाकूड चिकटवायचा सरस गरम करायच्या शेगडीजवळ काडेपेटी होती. त्यानं भुशाच्या ढिगाला काडी लावली, बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला, आणि बघत राहिला. माळ्यावर पॉलिशचे डबे होते, थिनर होतं, आणि जेवून आडवा झालेला पॉलिशवाला होता.

पोलीस आले तेव्हा ढब्बू तिथेच होता. पळाला नाही, लपला नाही. त्यानं पोलिसालाच विचारलं, "काका अजून खाली कसे आले नाहीत?"

त्याचं वय सोळा पूर्ण, पण अठराच्या आत. म्हणून आधी सुधारगृह. वकील सरकारनं दिलेला, फुकटचा, काखेत फायलींचा गठ्ठा घेऊन धावणारा. तो बाल न्याय मंडळाच्या जिन्यातच भेटला. म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मानसतज्ज्ञ मॅडम त्याची चाचणी घेतील. सगळं त्या चाचणीवर आहे. मंडळ त्यावरूनच ठरवणार, मुलाला मुलांमध्ये ठेवायचं की मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं. मोठ्यांच्या कोर्टात गेला तर जन्मठेपच समजा." त्याचा फोन वाजला आणि तो उरलेल्या पायऱ्या उतरून गेला.

आम्ही दोघी जिन्यात उभ्या. मी रडायच्या बेतात होते. मास्तरणीच्या चेहऱ्यावर मात्र त्या आगीनंतर पहिल्यांदा रंग आला.

"परीक्षाच आहे ना, मावशी? मग मी बघते."

तिचं गणित सरळ होतं. शहाणा मुलगा, चूक कळलेला मुलगा, नीट बोलणारा मुलगा, त्याला कोण मोठ्या तुरुंगात टाकेल? आणि भिंतीकडे बघून हसणारं, माणूस मेला तरी काका कुठे म्हणून विचारणारं पोरगं न्यायाधीश घरी कशाला सोडेल? मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. आपल्याला जन्मभर हेच शिकवलंय की नीट उत्तर दिलं की शिक्षा टळते.

सुधारगृहाच्या भेटीच्या खोलीत हिरवं टेबल होतं, दोन्हीकडे बाकं, आणि भिंतीवर फुलपाखरं काढलेली. कागद आत न्यायला बंदी. मास्तरणीला कागद लागतच नव्हता. ढब्बू आला. केस भादरलेले, कपाळावर टेंगूळ.

"ताई, काका खाली आले का?"

"चूक," मास्तरीण म्हणाली.

तो बाकावर बसला.

"हे पुन्हा बोलायचं नाही. मॅडम विचारतील, आग लावल्यावर काय होतं? तू काय सांगशील?"

"गरम होतं."

"चूक. माणसं मरतात. म्हण."

"माणसं मरतात."

"हे तुला माहीत होतं?"

त्यानं भिंतीवरच्या फुलपाखरांकडे पाहिलं. "नाही."

"चूक. मला माहीत होतं. मला राग आला होता, म्हणून मी आग लावली. मी फार मोठी चूक केली. माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. मला पश्चात्ताप होतो."

पश्चात्ताप हा शब्द त्याच्या जिभेवर बसेना. अख्खी भेट त्या एका शब्दात गेली. शेजारच्या बाकावरची एक आई आपल्या मुलाशी बोलायचं सोडून आमच्याकडेच बघत होती. पहारेकरी शिपाई म्हणाला, अशी बहीण नशिबानं मिळते.

मास्तरीण तिथे रोज जाऊ लागली. सुधारगृहाचे साहेब तिच्यावर खूश, त्यांनी भेटीची सवलत दिली. तिनं शाळेसारखे भाग पाडले. आधी गुन्हा, मग परिणाम, मग पश्चात्ताप, शेवटी भविष्य. बाबांचं नाव काढायचं नाही. भिंत, आवाज, काही नाही. "कोणी शिकवलं का, असं विचारलं तर?" "नाही. मी माझ्या मनाचं बोलतोय." "डोकं आपटावंसं वाटलं तर?" "चादर चावायची." आणि तो खरंच चादर चावून रात्र काढू लागला. साहेबांनी अहवाल पाठवला, मुलगा शांत आहे, आज्ञाधारक आहे, कसलीही तक्रार नाही. चादरीला पडलेली भोकं धोब्यानं पाहिली असतील, पण अहवाल लिहायला धोब्याला कोण सांगतं?

आणि ऐका, पोराला पाठ झालं. जे सोळा वर्षांत झालं नाही ते एका आठवड्यात झालं. त्याला आयुष्यात कोणी इतका वेळ दिला नव्हता. ताई रोज येते, समोर बसते, त्याच्याकडेच बघते, आणि उत्तर बरोबर आलं की हसते. त्या हसण्यासाठी त्यानं वेद पाठ केले असते. शेवटच्या दिवशी तो सगळं एका दमात म्हणाला, मध्ये न अडखळता. मास्तरणीनं टेबलावरून हात पुढे करून त्याचा गाल कुरवाळला आणि ती म्हणाली, "कोण म्हणतं माझा भाऊ ढ आहे?"

चाचणी झाली. मॅडम बाहेर आल्या, घाईत होत्या, पुढचा मुलगा रांगेत उभा होता. म्हणाल्या, "छान बोलतो तुमचा मुलगा. सगळं समजतं त्याला." त्या संध्याकाळी मास्तरणीनं मुलांना गृहपाठ दिला नाही. मुलं घाबरली.

मंडळानं निकाल वाचला. मुलाला कृत्याचं स्वरूप आणि परिणाम यांची पूर्ण जाण होती, तो विचारपूर्वक वागू शकतो, प्रौढासारखाच जबाबदार आहे. सबब मोठ्यांचं कोर्ट. मास्तरीण पहिल्या वाक्याला मान डोलावत होती. सबब म्हटल्यावर तिची मान थांबली.

वकिलाला जिन्यात गाठलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यानं फायली पायरीवर ठेवल्या.

"तुम्ही त्याची तयारी करून घेतलीत?"

"सगळी," मास्तरीण म्हणाली.

"अहो ताई, ही एकच गोष्ट बघायची होती. याला कळत होतं का. नाही कळलं तर तो पोर. कळलं तर मोठा. तो गप्प बसला असता ना, नुसता भिंतीकडे बघत बसला असता, तरी सुटला असता. काही वर्षं सुधारगृहात, औषधपाणी, मग घरी." त्यानं फायली उचलल्या. "त्याला एकट्यालाच पाठवायचं होतं हो आत."

हे चाचणीआधी बोलायला तुझी जीभ झडली होती का, असं मी त्याला त्याच जिन्यात विचारलं. त्याच्याकडे शंभर पोरं असतात म्हणे. असतील. शंभर जणांची वाट लावायला एवढी घाई लागणारच.

मास्तरीण तडक मॅडमच्या ऑफिसात गेली. मी मागोमाग. तिनं सगळं ओकून टाकलं, शब्द न् शब्द मी शिकवला, त्याला पश्चात्तापाचा अर्थसुद्धा माहीत नाही, तो भिंतीशी बोलतो, लहानपणी डोक्याला मार लागलाय. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डोक्याचे काही कागद? एखादा जुना डॉक्टर?"

"नाहीत."

"मग असं बघा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंत, ते त्यानं आठवडाभर लक्षात ठेवलं. काय बोलायचं आणि काय लपवायचं हे त्याला कळलं. माझ्यासमोर तासभर बसून त्यानं ते निभावलं. मी अहवालात हेच लिहिलंय की त्याला हे जमतं. तुमचं म्हणणं खरं धरलं तर मला ते आणखी ठळक लिहावं लागेल."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आणि सर्वांत वाईट म्हणजे बाई मूर्ख नव्हती, दुष्टही नव्हती. तिनं आम्हाला पाणी विचारलं.

माझ्या बहिणीनं अंथरूण धरलं. मास्तरणीच्या शिकवण्या निम्म्या झाल्या, खुन्याच्या बहिणीकडे कोण मुलं पाठवतो? पण ती वकिलाच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी त्यानं वरच्या कोर्टात अर्ज केला आणि कोर्टानं एकदा, शेवटचं, दुसऱ्या डॉक्टरकडून तपासायला सांगितलं. सरकारी इस्पितळातले म्हातारे डॉक्टर. वकील म्हणाला, माणूस कनवाळू आहे, वेळ देतो. त्याला मुलगा जसा आहे तसा दिसू द्या, बाकी काही नको.

आदल्या दिवशी पुन्हा ती भेटीची खोली. ढब्बूनं बसल्याबरोबर सुरुवात केली. "मला माहीत होतं. मला राग आला होता, म्हणून मी आग लावली..."

"थांब," मास्तरीण म्हणाली. "उद्या हे बोलायचं नाही."

तो हसला. त्याला वाटलं ताई परीक्षा घेतेय.

"ऐक माझं. उद्या तुला जे वाटतं ते बोल. बाबा भिंतीतून बोलतात ते सांग. काका खाली आले का, ते विचार."

"ते चूक आहे."

"आता ते बरोबर आहे."

"तूच म्हणालीस चूक."

"मी चुकले होते."

ताई चुकते, हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. तो माझ्याकडे बघायला लागला, मग दाराकडे, मग परत तिच्याकडे. मी म्हटलं, "बाळा, ताई सांगते तसं कर. उद्या तुला काहीच येत नाही, असं समज."

"मला येतं," तो म्हणाला. आवाज चढला होता. "मला सगळं येतं. मी पास झालो. साहेबपण म्हणाले. आता मला नापास करणार?" आणि त्यानं कपाळ टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, शिपायानं मागून धरेपर्यंत. मास्तरीण शिपायाला म्हणाली, "हे लिहा. हे कुठेतरी लिहा ना." शिपाई म्हणाला, ते माझं काम नाही, साहेबांना सांगा. साहेब रजेवर होते.

इस्पितळातली खोली छोटी होती, उकाडा म्हणून दार उघडं ठेवलेलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर, शेजारी सुधारगृहाचा शिपाई. आतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर खरंच कनवाळू निघाले. त्यांनी ढब्बूला आधी पाणी दिलं, कपाळाला काय झालं विचारलं.

"पडलो," ढब्बू म्हणाला.

मास्तरणीनं माझं मनगट पकडलं.

"रात्री झोप लागते?" "हो." "कसले आवाज येतात का, कोणी हाक मारल्यासारखं?" "नाही." मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बेटा, त्या दिवशी काय झालं, ते तुझ्या शब्दांत सांग. चुकलं तरी चालेल. इथे चूक-बरोबर काही नसतं."

एवढं चांगलं वाक्य त्या पोराला सोळा वर्षांत कोणी ऐकवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बोल रे राजा, विचार, काका कुठे आहेत म्हणून विचार.

ढब्बूनं घसा साफ केला. "मला माहीत होतं की आगीत माणसं मरतात," तो म्हणाला. "मला राग आला होता, म्हणून मी आग लावली. मी फार मोठी चूक केली. माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला. मला पश्चात्ताप होतो." पश्चात्ताप त्यानं अगदी स्वच्छ म्हटला.

"हे तुला कोणी शिकवलं का?"

"नाही. मी माझ्या मनाचं बोलतोय."

"आणि उद्या सुटलास तर?"

ते भविष्य होतं, शेवटचा भाग. तो त्यानं न थांबता म्हणून दाखवला. आत खुर्ची सरकली, डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. मास्तरणीनं माझं मनगट सोडलं होतं. ती उठून उभी होती.

ढब्बू बाहेर आला तो हसतच. कपाळावर कालचं टेंगूळ निळं पडलेलं, आणि तोंड असं उजळलेलं की जत्रेतून आल्यासारखं. तो सरळ ताईसमोर येऊन उभा राहिला आणि गाल थोडा पुढे केला, गेल्या वेळेसारखा.

तिनं त्याच्या थोबाडीत मारली. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. तिनं आजवर त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता. बापानं उचलला, कामगारांनी उचलला, तिनं कधीच नाही. मी तिला मागे ओढलं. शिपायानं ढब्बूचा दंड धरला.

ढब्बू रडला नाही. तो डोळे बारीक करून काहीतरी आठवत होता, ओठ हलत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तपासून बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "कुठलं चुकलं?"

शिपाई त्याला जिन्याकडे नेत होता आणि तो मान मागे वळवून वळवून उत्तराची वाट बघत होता.